चहावाल्यांचे गणकयंत्र

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे व्यापारी वहीची पूजा करतो. पाटावर नवी कोरी वही, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक, शेजारी लेखणी, पुढे साळीच्या लाह्या आणि बत्तासे. अलीकडे पुष्कळ पेढ्यांवर वहीच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे आणि हळदकुंकू त्यालाच वाहिले जाते. काही मंडळींना याचे हसू येते. मला येत नाही. पूजा कागदाची कधीच नव्हती. कोणता माल खपतो, कशात दोन पैसे सुटतात, कोणाकडे किती येणे अडकले आहे, हे ज्याला वेळेवर कळते त्याचा धंदा चालतो. वही म्हणजे धंद्याची आठवण. ती चामड्याच्या पुठ्ठ्यात बांधलेली असो की विजेच्या यंत्रात साठवलेली असो, पूजा त्या आठवणीची.

ही आठवण माणसाच्या लेखणीतून यंत्राच्या पोटात पहिल्याप्रथम कोठे गेली? कोणालाही विचारा. कोणी एखाद्या बड्या बँकेचे नाव सांगेल, कोणी तोफा-विमानांच्या कारखान्याचे, आणि बहुतेकजण अमेरिकेकडे बोट दाखवतील. खरे उत्तर असे आहे, की हा मान लंडनमधल्या एका चहावाल्या कंपनीकडे जातो. चहा, पाव, केक आणि आइस्क्रीम विकणाऱ्या या मंडळींनी १९५१ साली स्वतःच्या हिशेबांसाठी स्वतःच एक इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधले. त्याआधी असे यंत्र कोणत्याही व्यापारी कचेरीच्या रोजच्या कामाला जुंपले गेले नव्हते.

या कंपनीचे नाव जे. लायन्स आणि कंपनी. सॅल्मन आणि ग्लुकस्टीन ही तंबाखूच्या व्यापारातली दोन नातलग घराणी. त्यांनी खाद्यपेयांच्या धंद्यात शिरताना जोसेफ लायन्स नावाच्या गृहस्थाला पुढे केले आणि दुकानावर त्याचे नाव लावले. १८९४ साली पिकॅडिलीत त्यांचे पहिले चहागृह उघडले. स्वच्छ टेबल, चांगला चहा आणि कारकुनालाही परवडेल असा दर, हे त्यांचे धोरण. घराबाहेर पडलेल्या बाईमाणसाला संकोच न वाटता बसता येईल अशी जागा त्या काळच्या लंडनमध्ये दुर्मीळच होती. ती लायन्सने दिली. पुढे भरभराटीच्या काळात अशी सुमारे अडीचशे चहागृहे झाली. काळ्या पोशाखात, पांढऱ्या टोपीत लगबगीने वावरणाऱ्या त्यांच्या वाढपी मुलींना सारे लंडन ‘निपी’ म्हणून ओळखू लागले. राजवाड्याच्या बागेतल्या मेजवान्यांचे कंत्राट लायन्सकडे असे, आणि दुसऱ्या महायुद्धात सरकारने बॉम्ब भरण्याचा एक कारखाना चालवण्याचे कामही याच चहावाल्यांवर सोपवले! शिस्तीचा लौकिकच तसा होता. (मार्गारेट थॅचर यांनीही संसदेत निवडून येण्यापूर्वी काही काळ लायन्सच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली होती.)

आता या धंद्याचे मर्म पाहा. जहाजे बांधणाऱ्याला वर्षाकाठी चार गिऱ्हाइके पुरतात. चहावाल्याला दिवसाकाठी हजारो लागतात, आणि एका कपामागे नफा सुटतो तो पैशाच्या अंशाइतका. परंतु नोंद मात्र प्रत्येक कपाची, प्रत्येक पावाची ठेवावी लागते. वाढपी मुलीने फाडलेली बिलाची चिठ्ठी तपासायची, बेरीज करायची, भरण्याशी ताडून पाहायची. एक चिठ्ठी सांभाळायला कपाच्या नफ्याहून अधिक खर्च आला, तर चहा विकून दिवाळे निघायचे. म्हणून लायन्सच्या मालकांना कारकुनी हा क्षुल्लक विषय कधीच वाटला नाही. महिनाअखेर हजेरीपटाची बेरीज जुळवता जुळवता ज्याचे रविवार गेले आहेत, अशा कोणाही शिक्षकाला त्यांची चिंता चटकन समजेल.

१९२३ साली लायन्सने जॉन सिमन्स या तरुणाला नोकरीत घेतले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेतला हा रँग्लर. परांजप्यांमुळे हा शब्द मराठी घरांना परका नाही. असा माणूस प्राध्यापक व्हायचा, तो केक-पावाच्या कचेरीत येऊन बसला. त्याने आल्या दिवसापासून एक प्रश्न धरला, तो निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. हा तक्ता कशासाठी? हा कोणाच्या हाती जातो आणि तो वाचून कोण काय ठरवतो? ज्या कागदावरून कोणी काहीच ठरवत नाही तो कागद त्याच्या लेखी रद्दी. कचेरीतील कामाच्या पद्धतींचे संशोधन करणारा एक स्वतंत्र विभागच त्याने उभा केला. कापडाच्या गिरणीत संशोधन असावे हे लोकांना पटत होते. कारकुनीत संशोधन म्हटल्यावर त्या काळी लोक हसले असतील. सिमन्सचे म्हणणे असे, की कचेरी म्हणजे झालेल्या गोष्टींचे कीर्तन करणारी जागा नव्हे. उद्या काय करावे हे ठरवायला मालकाला आज जे कळले पाहिजे, ते कळवणे हे तिचे काम.

माझ्या मते या कथेतला नायक हा प्रश्न आहे. यंत्र पुढे आले. ते आले तेव्हा त्याला काय विचारायचे हे या मंडळींना आधीच ठाऊक होते. पंधरा-वीस वर्षे ती तेच विचारत आली होती.

१९४७ साली लायन्सने थॉमसन आणि स्टँडिंगफर्ड या आपल्या दोन अधिकाऱ्यांना अमेरिकेला पाठवले. युद्धाच्या वर्षांत तिकडच्या कचेऱ्यांत काय नवे झाले ते पाहून या, एवढीच कामगिरी. कचेऱ्यांत त्यांना फारसे नवे काही दिसले नाही. परंतु त्यांच्या कानावर वर्तमानपत्रांतून गाजलेल्या एका ‘इलेक्ट्रॉनिक मेंदू’ची वार्ता आली होती. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते करण्यासाठी अमेरिकन सैन्याने तो बनवून घेतला होता. तोफगोळ्याचे गणित करणारे यंत्र पावाचे गणित का करणार नाही? ही शंका घेऊन दोघे प्रिन्स्टनला त्या विद्येतले जाणकार हर्मन गोल्डस्टीन यांना भेटले. गोल्डस्टीननी सांगितले, असे यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिजला, मॉरिस विल्क्स बांधत आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले!

दोघांनी परत येऊन अहवाल दिला. यंत्राला सुमारे एक लाख पौंड लागतील आणि वर्षाला पन्नास हजार पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे अंदाजाचेच, पण असा विचार त्या वेळी बाजारात दुसरे कोणी करतच नव्हते. यंत्र विकत देणारा कोणी कारखानदार नव्हता. तेव्हा लायन्सने केंब्रिजला तीन हजार पौंडांची देणगी दिली, लेनर्ट्स नावाचा आपला एक इलेक्ट्रिकचा जाणकार माणूस मदतीला दिला, आणि बदल्यात एवढेच मागितले, की तुमचे यंत्र चालले की त्याची विद्या आम्हांला द्या. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजच्या ‘एडसॅक’ यंत्राने पहिले गणित सोडवले. मग लायन्सने आपले काम जोरात सुरू केले. जॉन पिंकर्टन नावाचा पदार्थविज्ञानाचा तरुण त्यासाठी जानेवारीतच येऊन दाखल झाला होता.

यंत्राचे नाव ठेवले ‘लिओ’, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस या शब्दांची आद्याक्षरे. लिओ म्हणजे सिंह, आणि कंपनीच्या नावातही सिंहाचाच ध्वनी. नाव ठेवणाऱ्याला आत्याबाईंइतकाच आनंद झाला असेल. हे बाळ मात्र पाळण्यात मावणारे नव्हते. हॅमरस्मिथच्या कॅडबी हॉलमध्ये, जेथे कंपनीच्या भट्ट्या आणि मुख्य कचेरी होती, तेथे एक मोठे दालन त्याने भरून टाकले. आत सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह, आपल्या जुन्या रेडिओत तांबूस उजेड देत तापायचे तसले. त्यांतला एखादा रोज उडायचाच.

त्याची स्मरणशक्ती मोठी गमतीची होती. सुमारे पाच फूट लांबीच्या चौसष्ट नळ्या पाऱ्याने भरलेल्या. एका टोकाला विजेच्या ठोक्यांचा ध्वनी करायचा; तो पाऱ्यातून सावकाश प्रवास करीत दुसऱ्या टोकाला पोचला की त्याची पुन्हा वीज करायची आणि तीच पहिल्या टोकाला परत सोडायची. आईने वाण्याकडे पाठवलेले पोर वाटभर ‘अर्धा शेर साखर, पावशेर चहा’ असे घोकत जाते ना? तसाच हा प्रकार. घोकणे थांबले की आठवण गेली. त्या सगळ्या नळ्यांत मिळून लिओ दोन हजारांहून थोड्या अधिक संख्या धरून ठेवू शकत असे. आज पोराच्या हातातल्या मोबाइलमध्ये याच्या कित्येक लक्षपट स्मृती असते, आणि तिचा विनियोग बव्हंशी कशासाठी होतो ते मी येथे लिहीत नाही.

यंत्र बांधणे पिंकर्टनकडे. त्याला काम शिकवणे डेव्हिड कॅमिनरकडे. या कॅमिनरविषयी कादंबरीकाराला कुतूहल वाटावे. १९३६ साली तो लायन्समध्ये उमेदवार म्हणून लागला, युद्धावर गेला, उत्तर आफ्रिकेच्या लढाईत एक पाय गमावून परत आला आणि पुन्हा कचेरीत रुजू झाला. शिस्तीला मोठा कडक. यंत्राला द्यायची आज्ञावली लिहिण्यापूर्वी त्या कामाचा सगळा प्रवाह कागदावर काढून दाखवायचा, एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासायचे, आणि चुकीला क्षमा नाही. त्याची माणसे बहुतेक लायन्समधूनच वेचलेली होती. भट्टीचा माल कसा निघतो, गाडीत कसा भरतो, हे त्यांना आधीपासून ठाऊक असे. मेरी कूम्ब्स ही १९५२ साली या गटात आली. व्यापारी कामासाठी आज्ञावली लिहिणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव आता इतिहासात गेले आहे. जर्मनीतून लहानपणी निर्वासित म्हणून आलेला फ्रँक लँड त्याच वर्षी आला आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये याच विषयाचा प्राध्यापक झाला.

नोव्हेंबर १९५१ मध्ये लिओने पहिले नित्याचे काम हाती घेतले. दर आठवड्याला भट्टीतून निघालेल्या पाव, केक आणि पायांचे मूल्य काढायचे: कच्चा माल किती लागला, मजुरी किती पडली, माल कोणाकडे किती गेला. रडतखडत का होईना, दर आठवड्याला ते होऊ लागले. पण खरी कसोटी पुढे होती. माहिती आत घालायला आणि उत्तर बाहेर काढायला जी चुंबकीय फितीची उपकरणे बाहेरून करवून घेतली होती, ती काही केल्या भरवशाची निघेनात. त्यांत बराच काळ वाया गेला. शेवटी ती बाजूला ठेवून साधी भोके पाडलेली कार्डे आणि कागदी फीत यांवरच काम भागवले.

१९५४ साली पगारपत्रक लिओकडे आले. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद. पगार म्हणजे नाजूक मामला! केकच्या किमतीत अर्ध्या पेनीची चूक झाली तर केक तक्रार करीत नाही. म्हणून यंत्र आणि कारकून यांचे हिशेब प्रथम शेजारी शेजारी चालवून पाहिले, आणि खात्री पटल्यावरच कारकुनांचा हात काढून घेतला. पुढे फोर्ड मोटार कंपनीच्या इंग्लंडमधल्या कामगारांचे पगारही लिओवर निघू लागले. मोटारवाल्याचे पगार चहावाला काढतो, ही त्या वेळी लंडनमध्ये चांगलीच चर्चेची गोष्ट झाली असावी.

पगारात वेळ वाचला, पैसा वाचला. तथापि ती शेवटी कारकुनीतली काटकसर. लिओचे ज्याला मी खरे काम म्हणेन, ते ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झाले. ते म्हणजे चहागृहांच्या मागण्या.

चहागृहाची व्यवस्थापिका रोज वेगवेगळ्या विभागांकडे उद्याचा माल मागवीत असे: पाव इतके, स्विस रोल इतके, सॅलड इतके. लांबलचक तक्ते रोज भरायचे. लिओच्या मंडळींनी आधी सिमन्सचा जुना प्रश्न विचारला, हे सगळे रोज का लिहायचे? मंगळवारची मागणी बहुतेक मागल्या मंगळवारसारखीच असते. तेव्हा प्रत्येक चहागृहाची प्रत्येक वाराची एक ठरीव मागणी यंत्राकडे देऊन ठेवली. व्यवस्थापिकेने दुपारी नेमून दिलेल्या वेळी टेलिफोन करायचा आणि फक्त बदल सांगायचा. उद्या ऊन पडेलसे दिसते, आइस्क्रीम वाढवा. शेजारच्या कचेरीला सुटी आहे, पाव कमी करा. टेलिफोनवरची मुलगी ऐकता ऐकता कार्डावर भोके पाडी. ती कार्डे लिओच्या तोंडी पडत. आणि कोणत्या भट्टीने किती करायचे, कोणत्या गाडीत कोणत्या क्रमाने काय भरायचे, याच्या याद्या छापून बाहेर येत. सकाळी ताजा माल दारात.

यात वाटणी कशी केली आहे ते बघण्यासारखे आहे. रोज तेच तेच असते ते यंत्राला दिले आणि आभाळाकडे पाहून करायचा अंदाज बाईकडे ठेवला. गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखणारी ती. तिचे शहाणपण काढून घेतले नाही, उलट तक्ते भरण्यात जाणारा तिचा वेळ तिला परत दिला. आणि त्याच कार्डांवरून मालकांना एक गोष्ट अनायासे मिळू लागली. कोणत्या पदार्थाला चढ आहे, कोणत्याला उतार, कोणत्या भागातले चहागृह मंदावले, हे महिन्याने नव्हे, तर लागलीच कळू लागले. सगळे आकडे पुढ्यात ओतायचे नाहीत, जे नेहमीपेक्षा निराळे दिसते तेवढेच वर कळवायचे, ही पद्धतही त्यांनीच बसवली. नासलेला केक आणि परतलेले गिऱ्हाईक, चहावाल्याचे हे दोन मोठे शत्रू. दोघांचा बंदोबस्त एकाच यंत्रावर झाला. हिशेबाचे यंत्र धंद्याचे धोरण ठरवणाऱ्यांच्या पंक्तीला बसले ते येथे.

कारकुनांचे काय झाले, हा प्रश्न मनात येतोच. आपल्याकडे १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने कलकत्त्यात गणकयंत्र बसवू घातले तेव्हा कर्मचाऱ्यांनी निकराचा विरोध केला, आणि त्यांची भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. लंडनमध्ये मात्र युद्धानंतर कारकून मिळणेच अवघड झाले होते. लायन्सच्या कचेरीत तरुण मुली पुष्कळ, आणि लग्न झाले की त्या नोकरी सोडून जात. रिकामी झालेली खुर्ची भरायची नाही, एवढ्याने भागत असे. काळ अनुकूल होता, म्हणून तेथे तो प्रश्न उग्र झाला नाही.

लिओची कीर्ती पसरली तशी दुसऱ्यांनाही ते यंत्र हवे झाले. १९५४ च्या अखेरीस लायन्सने गणकयंत्रे बांधून विकणारी निराळी कंपनीच काढली. ब्रिस्टलचे तंबाखूवाले विल्स हे सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. तिसऱ्या पिढीचे लिओ यंत्र एका वेळी अनेक कामे हाताळीत असे. त्या काळात ही मोठी करामत. परंतु येथे घोडे अडले. यंत्रे बांधण्याच्या धंद्याला जे भांडवल लागते ते केकच्या नफ्यातून कोठवर पुरणार? पलीकडे अमेरिकेची आयबीएम कंपनी प्रचंड पैसा ओतत होती. लायन्सने १९६३ साली आपला गणकयंत्रांचा धंदा इंग्लिश इलेक्ट्रिकबरोबर एकत्र केला आणि लवकरच उरलेला हिस्साही सोडला. पुढे १९६८ साली तो आयसीएल या मोठ्या कंपनीत विलीन झाला. पहिला लिओ त्याआधीच, जानेवारी १९६५ मध्ये, बंद करण्यात आला होता.

आणि लायन्स? ज्या घराला उद्याच्या केकची संख्या आज दुपारी कळत होती, ते घर १९७० नंतरच्या दशकात कर्जात बुडाले. मालकांनी परदेशांत कंपन्यांमागून कंपन्या विकत घेतल्या, त्यांत आइस्क्रीमवाले बास्किन-रॉबिन्स होते, चहावाले टेटलीही होते. (ही टेटली फिरत फिरत २००० साली आपल्या टाटांकडे आली.) या खरेदीसाठी परकीय चलनात कर्जे काढली. तेलाचे संकट आले, व्याज चढले, १९७६ साली पौंड घसरला, आणि पौंडांत मोजता कर्ज फुगतच गेले. या कर्जाचा हिशेब यंत्राने पेनीपर्यंत बिनचूक दिला असता. ते काढावे की नाही हा प्रश्न कोणी यंत्राला विचारला नव्हता. कचेरीत प्रत्येक तक्त्याला ‘हा कशासाठी?’ असे विचारणारा सिमन्स तोवर निवृत्त झाला होता, आणि मालकांच्या बैठकीत तो प्रश्न कितपत विचारला गेला याची शंकाच आहे. १९७८ साली लायन्स अलाइड ब्रुअरीज या दारूच्या कंपनीने घेतली. चहागृहेही एकेक करीत मिटली.

लिओच्या तिसऱ्या पिढीची काही यंत्रे मात्र ब्रिटिश पोस्ट खात्याने टेलिफोनची बिले काढण्यासाठी घेतली होती. त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा मोडीत निघालेल्या भावंडांचे भाग बसवून ती चालवली. शेवटची यंत्रे बंद झाली ती १९८१ साली, लायन्स दुसऱ्याच्या हाती गेल्यानंतर तीन वर्षांनी.